हात मांडीवर

२२ नोव्हेंबर १९९३, सोमवार

आज इथं बसलो आणि पहिल्यांदा कानात आला तो झरीच्या शाळेचा आवाज. तिसऱ्या प्रहरी, शाळा सुटायच्या आधी, सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडावा तसा तो आवाज. ओळ संपली की सगळे थांबायचे आणि मग, एका श्वासानंतर, मागच्या भिंतीपासून लिंबाजीचा एकट्याचा शब्द यायचा. "दिला?" वर्ग हसायचा. लिंबाजीला ते कळायचंच नाही. तो ओळीच्या मागं राहिलेला असायचा आणि तिथंच खूश असायचा.

हे आठवायचं कारण म्हणजे इथली छपाई. बन्सीधरचं छापायचं यंत्र ओळ छापतं, थांबतं आणि मग एक टकटक उगीच मागाहून करतं. मी हसलो तेव्हा बन्सीधरनं विचारलं काय झालं. त्याला म्हटलं, तुझ्या मशीनमध्ये लिंबाजी बसलाय.

बन्सीधर हा माझा झरीचा विद्यार्थी. गणितात हुशार, शुद्धलेखनात दगड. आता पिंगळीच्या स्टेशनाजवळ, बंद पडलेल्या जिनिंगच्या काटाघरात त्यानं कॉम्प्युटरचं दुकान मांडलंय. कापूस संघाच्या सभासदांची नावं मराठीतून यंत्रात भरायचं काम त्याला मिळालंय. मराठी टाईपरायटर चालवणारा माणूस हवा होता, त्याला आपले गुरुजी आठवले. शाळेचे प्रश्नपत्रिकांचे स्टेन्सिल मीच तर कापायचो. सेवानिवृत्तीनंतर हातांना काम नव्हतं, बायको, अंबिका, गेल्यापासून घरालाही नव्हतं. आलो.

बन्सीधरनं सांगितलं की दोन नंबरच्या मशीनवर हात बसेपर्यंत काय वाटेल ते लिहा, रोजनिशी लिहा, कविता लिहा. तारीख मशीन आपोआप टाकतं. म्हणून हे लिहितो आहे. पांढऱ्या अक्षरांची ही पाटी फार गोड आहे. पुसली तर खडूची धूळसुद्धा उडत नाही.

२४ नोव्हेंबर, बुधवार

इथली व्यवस्था गमतीची आहे. मशीन तीन आणि कीबोर्ड एक. बन्सीधरनं ही यंत्रं औरंगाबादच्या कुठल्याशा बंद झालेल्या कचेरीतून उचलली. मराठी अक्षरं चिकटवलेला कीबोर्ड एकच निघाला. मग त्यानं एक पत्र्याचा डबा आणला, त्याला रेडिओसारखं गोल बटण. बटण एकवर फिरवलं की कीबोर्ड पहिल्या मशीनचा, दोनवर दुसऱ्याचा, तीनवर तिसऱ्याचा. कीबोर्डबरोबर तो छोटा माऊसही एकच, तोही बटणाबरोबर जातो. पडद्यावर त्याचा बाण असतो, तो या पडद्यावरून नाहीसा होतो आणि त्या पडद्यावर उगवतो.

सोय अशी की पहिलं मशीन छापत बसतं, तिसरं नावं जुळवत बसतं, दोघांनाही आपापला वेळ लागतो. तेवढ्यात माणसानं रिकामं कशाला बसायचं? एक गडी, तीन बैल, बन्सीधर म्हणाला.

एक नियम मात्र त्यानं तीनदा बजावला. "गुरुजी, बटणाला हात लावायच्या आदी दोन्ही हात मांडीवर. मंग बटण. हात कीबोर्डवर ठिवून फिरवलं की अक्षर अडकतंय. मागल्या मशीनमदी राहून जातंय. येड्यावाणी करतंय मंग."

मला हसू आलं. आयुष्यभर मी पोरांना हेच म्हणत आलो, हात मांडीवर. आता पोरगं मला म्हणायलंय.

झाडलोट करायला धुरपताबाई येते, जिनिंगच्या मागंच राहते. माझी भाकरीही तिच्याकडंच. नियम ऐकून ती म्हणाली त्यात नवल काय, विळा तरी कुणी हातातून हातात देतं का, भुईवर ठिवायचा मंग दुसऱ्यानं उचलायचा. अंबिकाचंही तसंच होतं. मीठ मागितलं तर वाटी खाली ठेवायची आणि माझ्याकडं बघत राहायची, मी उचलेपर्यंत. दोन हात एका वस्तूला एकदम लागले की भांडण होतं म्हणायची. आमचं कधी झालं नाही. वाटीमुळंच असेल.

२९ नोव्हेंबर

माझ्या आधी या खुर्चीवर बसणारे किशनराव आज सहज डोकावून गेले. पूर्णेला रेल्वेत कारकून होते, आता तिथंच मुलाकडं असतात. तब्येत ठणठणीत. शेंगा खाल्ल्या, फोलपटं खिशात भरून घेतली. बन्सीधर मागं म्हणाला होता की किशनराव काम करता करता इतकं सुरेख भजन म्हणायचे की स्टेशनावरचे हमाल दारात येऊन बसायचे. मी म्हटलं, किशनराव, एखादं होऊ द्या.

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी दुसऱ्याच कुणाला हाक मारली. मग हसून म्हणाले, "भजन? मला कुठं येतंय हो?"

ते थट्टा करत नव्हते. जाताना तीन नंबरच्या मशीनकडं पाठ करून, भिंतीला अंग घासत गेले. एवढ्या मोकळ्या खोलीत.

७ डिसेंबर

हात बसला. मी दिवसभर सभासदांची नावं भरतो. आश्रुबा, दगडाबाई, सिताराम, कडूबाई. एकेक नाव म्हणजे कोरडवाहू रानातलं एकेक झाड. काही मुलं ओळखीची निघतात. इतक्या वर्षांनी त्यांची हजेरी घेतोय आणि कुणी "हजर" म्हणत नाही, एवढंच.

दुपारी भाकरी खाल्ली की दोन नंबरवर येतो. इथं माझं राज्य. आज माझी जुनी कविता लिहून काढली. कविता कसली, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी केलेली दोन ओळींची गंमत.

बाभूळफुला, बाभूळफुला, कुणी तुला रंग दिला?
हळद सांडून गेली कुणी, वारा तिच्या मागं गेला.

हिच्याच पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द लिंबाजी मागाहून म्हणायचा. पोरांना मी एकच शिस्त लावली होती. ओळ अर्ध्यावर तोडायची नाही. घंटा होवो, साहेब येवोत, छप्पर उडो. ओळ पुरी करायची आणि मगच पेन उचलायचं.

हिला आणखी दोन ओळी आहेत, अंबिका गेल्यावर सुचलेल्या. त्या कुणाला म्हणून दाखवल्या नाहीत, फक्त हेमाला, माझ्या मुलीला. ती गंगाखेडला असते. संक्रांतीला मला न्यायला येणार असा तिचा निरोप आलाय. म्हणते, आता एकटं राहणं पुरे, माझ्या पोरीला कविता शिकवायला आजोबा पाहिजेत. मी जाणार आहे. हे काम संपलं की जाणार. नातीला बाभूळफूल पाठ करून द्यायचं, एवढं एक काम माझ्याकडं उरलंय. ते मला पाहिजे.

१३ डिसेंबर

आज चूक झाली. म्हणजे काही मोठं नाही.

दुपारचं दोन नंबरवर बसून त्या पुढच्या दोन ओळी लिहीत होतो, नातीसाठी नीट अक्षरात. पहिली झाली. दुसरी चालू होती. तेवढ्यात बन्सीधर दारातून ओरडला की तीन नंबरचं मशीन अडून बसलंय, पटकन तिकडं घ्या, गुरुजी, लवकर, नाहीतर सकाळपासूनचं सगळं जाईल. माझी ओळ अर्ध्यावर. डावा हात कीबोर्डवरच राहिला, अक्षरावर दाबलेला. ओळ तोडवेना. आणि उजव्या हातानं बटण फिरवलं.

टक.

बोटांपासून कोपरापर्यंत काहीतरी निसटल्यासारखं झालं. विहिरीतून पोहरा काढताना दोर सुटावा तसं. दुखलं नाही.

तीन नंबरचं काम वाचलं. बन्सीधर खूश होता. ओळ मात्र मी इथं येऊन पुरी केली, ही पाहा.

बाभूळफुला, बाभूळफुला, काट्यांत कसं राहिलं?
जाणारं माणूस माझं पाठमोरं पाहिलं.

१४ डिसेंबर

काल घरी केव्हा गेलो ते आठवत नाही. रात्रीचं काहीच आठवत नाही. सकाळी दारापाशी धुरपताबाईनं मोठा खटका खाली केला, मशीनं सुरू झाली आणि मी इथं होतो. वय झालं म्हणायचं.

एक गोष्ट मात्र बरी झाली. आतापर्यंत दाराकडं पाठ करून बसावं लागायचं, कोण आलं ते कळायचं नाही. आज दार समोर दिसतंय. बन्सीधरनं टेबलं फिरवली असणार. दारातून स्टेशनाकडं जाणारी वाट दिसते, बाभळीची रांग दिसते. छान वाटलं.

१७ डिसेंबर

भूक लागत नाही. धुरपताबाई भाकरी ठेवून जाते, ती संपलेली दिसते, पण मी खाल्ल्याचं तोंडाला कळत नाही. लसणाची चटणी होती म्हणे. चव नाही, वासही नाही. डॉक्टरांना दाखवायला परभणीला जावं.

टेबलं फिरवलेली नाहीत. आज बन्सीधर खोलीत वावरताना नीट पाहिलं. छापायचं यंत्र तिथंच आहे, भिंतीला. खुर्ची तिथंच आहे. खुर्चीची पाठ दाराकडंच आहे.

मग मला दार समोर कसं दिसतं?

२१ डिसेंबर

पडद्याच्या काचेत माझं प्रतिबिंब दिसतं, ते नेहमीचंच. टोपी, मफलर, चष्म्याची डावी काडी दोऱ्यानं बांधलेली. पण आज त्यानं चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

मी चष्मा पुसला नव्हता.

मी स्तब्ध बसून होतो. त्यानं तो डोळ्यांवर चढवला, माझ्याकडं पाहिलं, म्हणजे माझ्याकडं नाही, माझ्यातून, आणि "सिताराम माणिकराव" असं नाव टाईप करू लागला. ती अक्षरं माझ्यावर वरून पडत गेली. एकेक. ढेकळं पडावीत तशी.

२२ डिसेंबर

काल लिहिलेलं वाचलं. म्हाताऱ्या डोळ्यांचा खेळ असेल. हेमाला सांगायचं नाही. ती लगेच धावत येईल.

येऊ दे. धावत येऊ दे.

२७ डिसेंबर

दुपारी जेवायची वेळ झाली. प्रतिबिंब उठलं. खुर्ची सरकवली, कमरेला हात लावून वाकडं झालं, माझीच सवय, आणि दारातून बाहेर उन्हात गेलं. मी त्याला पाठमोरं पाहिलं. टाचेपाशी धोतर फाटलंय, ते मला कधी माहीत नव्हतं. स्वतःची टाच कुणाला दिसते?

खुर्ची रिकामी आणि मी इथं.

उठायचा प्रयत्न केला. उठायला काय लागतं तेच सापडेना. गुडघे आठवतात, पण सापडत नाहीत. हाक मारली. आवाज कुठून काढायचा ते

धुरपताबाई झाडायला आली. माझ्यासमोरून झाडत गेली. मी होता नव्हता तेवढा जीव एक करून लिहिलं, धुरपताबाई, मी इथं आहे. ती थांबली. पडद्याकडं पाहिलं. वाकून, कौतुकानं पाहिलं. मग कुणालातरी हाक मारल्यासारखं म्हणाली, "बगा की हो, मशीन आपआप लिवायलंय!" आणि पदरानं काचेवरची धूळ पुसली. हळू, प्रेमानं, पोराचं तोंड पुसावं तसं.

तिला वाचता येत नाही.

३ जानेवारी १९९४

आज बटण पाहिलं.

बटण तीनवर आहे. सकाळपासून तीनवरच आहे. कीबोर्ड तीन नंबरचा आहे. तो तिकडं बसून नावं जुळवतोय, त्याचे दोन्ही हात तिकडं आहेत, मला दिसतायत.

मग मी हे कशानं लिहितोय?

४ जानेवारी

कळलं. कळायला वेळ लागला, लिंबाजीला लागायचा तसा.

बाहेर आहे तो खोटा नाही. तो काशीनाथ गुरुजीच आहे. त्याची भाकरी, त्याचे गुडघे, त्याचं पेन्शनचं बुक, सगळं खरं आहे. मी त्याचं राहून गेलेलं अक्षर आहे. त्या दिवशी हात उचलला नाही, ओळ तोडली नाही आणि बटण फिरवलं. तो तीनवर गेला. मी दोनवर राहिलो. पुढची ओळ मी पुरी केली, इथं, आत. त्यानं केलीच नाही.

इथं रात्र नसते. संध्याकाळी तो जाताना दारापाशी मोठा खटका वर करतो आणि लगेच सकाळ होते. धुरपताबाई. झाडू. मधलं काही नाही. झोपही नाही. माझ्या वाट्याला फक्त दिवसाचं ऊन आणि दार. दार उघडंच असतं. तेच वाईट आहे. बंद असतं तर बरं झालं असतं.

बटण दोनवर असलं की पडदा त्याचा. बटण दुसरीकडं गेलं की पडदा माझा. तेव्हा लिहितो. लिहिलं नाही तर विरघळल्यासारखं होतं.

७ जानेवारी

तीन नंबरमध्ये कुणीतरी आहे.

बटण एकवर असताना तिरकं पाहिलं तर त्याचा पडदा दिसतो, कडेनं. तिथं अक्षरं उगवतात. एकच शब्द, पुन्हा पुन्हा, खाली खाली. विठ्ठल विठ्ठल विठ्ठल. त्याला ताल आहे. टाळ धरलाय कुणीतरी.

किशनराव, तुमचं भजन इथं आहे हो. सगळं इथं आहे. पूर्णेला नेलंत ते नुसतं टरफल.

हाक मारायची कशी? त्याचा पडदा त्याचा, माझा माझा. डबा एक, कीबोर्ड एक आणि आम्ही वेगवेगळे.

१० जानेवारी

बन्सीधरनं वाचलं.

बटण एकवर होतं, तो सहज माझ्यासमोर आला. मी लिहीत होतो, बन्सीधर मी इथं आहे बाहेरचे गुरुजी पुरे नाहीत मला बाहेर काढ. त्यानं मोठ्यानं वाचलं, अडखळत, शाळेत वाचायचा तसंच. आणि हसला. बाहेरच्याला बोलावलं. "गुरुजी, या इकडं. तुमीच कवा लिवलंय आन् तुमालाच भेव घालायलंय बगा."

तो आला. माझा मफलर. माझा चेहरा काचेला लावून त्यानं वाचलं. मी बघत होतो, त्याच्या डोळ्यांत, इतक्या जवळून. काहीतरी हलेल म्हणून. बन्सीधरनं वर त्या पानाचं टोक दाखवलं, तिथं बाभूळफूल होतं, चारी ओळी. म्हणाला, गुरुजी, तुमची कविता, शाळेतली, आठवती का, लिंबाजी मागून म्हणायचा.

तो ओळी वाचत गेला. ओठ हलले. मग मान हलवली. म्हणाला,

"चांगली आहे. कुणाची?"

बन्सीधर हसला नाही. क्षणभर तो त्याच्याकडं पाहत राहिला. मग माझ्याकडं. मग पुन्हा त्याच्याकडं. मला वाटलं आता— आता याला—

धुरपताबाई चहा घेऊन आली. झालं.

११ जानेवारी

बन्सीधर माझ्याकडं बघायचं टाळतो. समोरून जाताना भिंतीला अंग घासत जातो.

आज त्याला सांगत होता, म्हणजे बाहेरच्याला. दोन नंबर बिघडलंय, आपोआप लिहितंय, असलं मशीन ठेवायला नको. ते कोरं करून टाकू. हेमाताई न्यायला यायच्या आधी तेवढं एक काम करून द्या, गुरुजी, तुमच्याच हातानं करा, मला नको. आवाज बारीक होता त्याचा.

तो हो म्हणाला. लगेच. कोणती बटणं दाबायची ते कागदावर लिहून घेतलं. माझ्या अक्षरात.

कोरं म्हणजे खटका नव्हे. कोरं झाल्यावर सकाळ नाही.

१२ जानेवारी

मी मरतोय याचं मला तेवढं नाही. माझं झालंय सगळं. पण बाभूळफूल फक्त इथं आहे. अंबिकाची वाटी इथं आहे, ती खाली ठेवून बघत राहायची ते इथं आहे. तो हेमाबरोबर जाईल, नात त्याच्या मांडीवर बसेल, म्हणेल आजोबा कविता म्हणा आणि तो म्हणेल

कुणाची?

आणि हेमा म्हणेल वय झालं बाबांचं. तिला कधी कळणारच नाही की मी—

हेमाला त्या दोन ओळी माहीत आहेत. फक्त तिला. तिनं पडदा पाहिला तर ती ओळखेल. एक ओळ पाहिली तरी. एवढंच पाहिजे. हेमानं एकदा या काचेत बघावं. बटण दोनवर यायच्या आत.

१३ जानेवारी

बंद आहे. विद्यापीठाच्या नामांतराची गडबड, परभणीकडं एसट्या थांबल्यात, सगळे तेच बोलतायत. बन्सीधर सांगत होता की उद्या दुकान उघडायचं नाही, हेमाताई पण काय येत नाहीत आता, संक्रांत झाल्यावर बघू. ते कोरं करायचंही मग बघू.

दोन दिवस मिळाले. पण हेमा येणार नाही.

हेमा येणार नाही तोवर मी राहीन, आणि हेमा आली की मला पुसतील. ही कसली

१४ जानेवारी, शुक्रवार

धुरपताबाई आली. तिला बंद काय माहीत. संक्रांत म्हणून आली. खटका खाली केला. सकाळ झाली.

तिन्ही मशीनना हळदकुंकू लावलं. कीबोर्डला लावलं. माझ्या काचेवर बोटं ओढली, हळद सांडली, काचेवर राहिली. तीळ ठेवले समोर. "गोड बोला रं बाबांनो," म्हणाली आम्हा तिघांना, हसली, दार अर्धंच ओढून घेतलं आणि गेली.

खटका तसाच. विसरली.

सगळं पिवळं दिसतंय. हळदीतून. दार, बाभळी, ऊन. इतकं सुंदर

बटण एकवर आहे. पडदा माझा आहे. आज कुणी नाही. आज दिवसभर पडदा माझा. लिहून ठेवतो, मोठ्या अक्षरात, सबंध पडदाभर, कुणीही येवो—

बाभूळफुला, बाभूळफुला, काट्यांत कसं राहिलं?
बाभूळफुला, बाभूळफुला, काट्यांत कसं राहिलं?
बाभूळफुला, बाभूळफुला

गाडीचा आवाज. जीप. दाराबाहेर थांबली.

बाईचा आवाज. हेमा. हेमाच. एसटी नाही तर जीप करून आली, माझी पोर, धावत आली. काय म्हणतेय— लवकर करा, जीपवाला थांबत नाही, सण घरी करायचाय—

कुणाला म्हणतेय?

दार. हेमा, आत ये. इकडं बघ. इकडं, काचेत, हळदीच्या

दार उघडलं. आधी तो आला. मफलर. पिशवी भरलेली. हातात बन्सीधरचा कागद. मागं उन्हात हेमा, उंबऱ्याशी, चेहरा दिसत नाही, नुसती कड दिसते. म्हणतेय राहू द्या ना बाबा, ते मशीनचं काय एवढं—

तो म्हणाला एकच काम राहिलंय. कबूल केलंय.

हेमा एक पाऊल आत ये. एकच. हेमा, हे वाच

बाभूळफुला बाभूळफुला काट्यांत कसं राहिलं

तिनं पाहिलं. इकडं पाहिलं. तिचे ओठ— हेमा म्हणतेय. हेमा वाचत नाहीये, म्हणतेय. पाठ आहे तिला. पुढची ओळ—

खुर्ची सरकली. तो बसला. मधे बसला. आता हेमा दिसत नाही. त्याचे हात. किती नीट, किती शिस्तीत, दोन्ही हात मांडीवर ठेवले त्यानं. आधी हात मांडीवर. मग उजवा उचलला. बटणाकडं

बाण आला. पडद्यावर बाण आला. हेमा ओळ पुरी कर. मला पुरी करू दे. हेमा तू म्हण

जाणारं माणूस माझं पाठमो